करसवलत फळली का, हे कळायला ती देतानाच काय करावं लागतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सरकारं उद्योगांना, बचत करणाऱ्यांना, मागास भागांना करात सूट देतात. त्याचा तिजोरीवर किती भार पडतो हे मोजलं जातं का? आणि ती सूट कामाची ठरली की नाही, हे कोण ठरवतं?

भार मोजला जातो. आज बऱ्याच देशांत मोजला जातो. सवलतीचा उपयोग झाला का, याची तपासणी मात्र मोजक्याच ठिकाणी नीट होते. लोक याचं खापर राजकीय इच्छाशक्तीवर फोडतात. त्यात तथ्य आहे, पण सरकारी जमाखर्च तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि माझा अनुभव थोडा वेगळा आहे. तपासायला बसावं तेव्हा बहुतेक वेळा असं दिसतं की सवलतीचा हेतू कायद्यात कुठेच लिहिलेला नाही, लाभ कोणी घेतला हे कळायला विवरणपत्रात रकाना नाही, आणि सवलत कधी संपणार याची तारीखही नाही. सवलतीचं मूल्यमापन करता येईल की नाही, हे ती जन्माला येते त्या दिवशीच जवळजवळ ठरलेलं असतं.

आधी, सूट म्हणजे खर्च कसा, हे बघू. एखाद्या उद्योगाला सरकारने १०० कोटी रुपये अनुदान दिलं, किंवा त्याचा १०० कोटींचा कर सोडला, तर तिजोरीत फरक तोच पडतो. अनुदानाला मात्र दरवर्षी सभागृहापुढे यावं लागतं. मागणी मांडली जाते, मतदान होतं, खर्च झाल्यावर लेखापरीक्षण होतं, लोकलेखा समिती प्रश्न विचारते. करसवलत एकदा कायद्याच्या कलमात जाऊन बसली की तिला कोणाकडे काही मागायला यावं लागत नाही. लाभार्थी वाढले की खर्च आपोआप वाढतो, त्याला तरतुदीची मर्यादा नसते. अमेरिकेच्या अर्थखात्यात करधोरणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या स्टॅन्ली सरी यांनी १९६७ साली हा मुद्दा जाहीरपणे मांडला आणि पुढच्याच वर्षी तिथे अशा सवलतींची पहिली यादी निघाली. १९७४ च्या कायद्याने ती यादी दरवर्षी देणं बंधनकारक झालं. पश्चिम जर्मनीने १९६७ च्याच एका कायद्यात रोख अनुदानं आणि करसवलती या दोहोंचा एकत्र अहवाल दर दोन वर्षांनी देण्याची सोय केली. मला ती अमेरिकेच्या यादीपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिथे दोन्ही वाटा एकाच पानावर दिसतात. भारतात २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून हे विवरण येऊ लागलं. जगभरच्या देशांचे आकडे एकत्र करणाऱ्या माहितीकोशानुसार, जे देश आकडे देतात त्यांच्यात या सवलतींचं प्रमाण सरासरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या आसपास आणि करमहसुलाच्या जवळपास एक चतुर्थांश आहे.

आता हा आकडा काढतात कसा. सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे सोडलेल्या महसुलाची. सवलत नसती आणि लोक अगदी आज वागतात तसेच वागले असते, तर आणखी किती कर आला असता, एवढंच ती सांगते. भारत सरकारचं विवरणही याच गृहीतकावर उभं आहे. म्हणजे या आकड्याचा अर्थ ‘सवलत काढली तर एवढे पैसे येतील’ असा होत नाही. सवलत गेली तर लोक बचत दुसरीकडे नेतील, कंपनी गुंतवणूक पुढे ढकलेल, कोणी मालमत्ता विकायचीच थांबेल. हे सगळं धरून अंदाज बांधायची दुसरी पद्धत आहे, पण त्यासाठी वागण्याबद्दल खूप काही गृहीत धरावं लागतं, म्हणून ती क्वचितच वापरतात. तिसऱ्या पद्धतीत तेवढाच लाभ रोख अनुदानाने द्यायचा तर किती खर्च आला असता, हे काढतात. अनुदानाशी तुलना करायची तर खरी उपयोगाची हीच, आणि नेमकी हीच सर्वांत कमी दिसते.

यादीतल्या सवलतींची बेरीज करून मथळा देणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. भारतातली जुनी करप्रणाली घ्या: ५ ते १० लाखांच्या टप्प्यात २० टक्के, १० लाखांच्या वर ३० टक्के. एकाचं उत्पन्न ११ लाख आहे. त्याला १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८० सीची दीड लाखाची आणि पेन्शन योजनेतल्या गुंतवणुकीची ५० हजारांची वजावट मिळते, म्हणून करपात्र उत्पन्न ९ लाख. उपकर बाजूला ठेवू. फक्त ८० सी काढली तर उत्पन्न साडेदहा लाखांवर जातं आणि कर ३५ हजारांनी वाढतो. फक्त पेन्शनची वजावट काढली तर १० हजारांनी. दोन्हींची बेरीज ४५ हजार. पण दोन्ही एकदम काढल्या तर कर ५० हजारांनी वाढतो, कारण उत्पन्नाचा जास्त भाग वरच्या टप्प्यात जातो. इथे बेरीज खऱ्या आकड्यापेक्षा कमी आली. दुसऱ्या सवलतींच्या बाबतीत ती जास्तही येते. उदाहरणार्थ, एक वजावट गेली की लोक तेच पैसे दुसऱ्या वजावटीत टाकतात. म्हणून ‘एकूण अमुक लाख कोटींची खैरात’ असं वाचलं की मी पुढचा मजकूर जरा सावधपणे वाचतो.

घसाऱ्याचं, म्हणजे यंत्राची झीज म्हणून दरवर्षी नफ्यातून वजा करू दिलेल्या रकमेचं, प्रकरण याहून निसरडं आहे. यंत्रावर पहिल्या वर्षांत जास्त घसारा घेऊ दिला की कंपनीचा कर आज कमी होतो आणि पुढे वाढतो. सरकारने इथे कर माफ केलेला नसतो, उशिरा घ्यायचं कबूल केलेलं असतं. खरा खर्च म्हणजे मधल्या काळाचं व्याज. पण रोखीच्या हिशेबात त्या वर्षी पूर्ण रक्कम सोडल्यासारखी दिसते. भारताच्या विवरणात कंपनीकराच्या सवलतींमध्ये वाढीव घसारा ही वर्षानुवर्षं मोठी बाब राहिली आहे. ती कायमच्या सूटीच्या शेजारी त्याच मापात मांडलेली असते आणि वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही सारख्याच महाग.

सगळ्यात मोठा वाद असतो पायाचा. सूट कशाच्या तुलनेत? भारतात २०१४-१५ साठी सोडलेल्या महसुलाचा अंदाज साडेपाच लाख कोटी रुपयांच्या वर गेला होता, त्यातले जवळपास ३ लाख कोटी एकट्या सीमाशुल्काचे. कारण कायद्याच्या तक्त्यातला दर आणि अधिसूचनेने प्रत्यक्षात आकारला जाणारा दर यांतला प्रत्येक फरक तेव्हा सवलत म्हणून धरला जात असे. पुढे मंत्रालयाने पद्धत बदलली. सगळ्यांना विनाअट लागू असलेला कमी दर हा सामान्य दरच मानला आणि फक्त अट घालून दिलेली सूट मोजायला घेतली. सीमाशुल्काचा आकडा एकदम खाली आला. कोणाचीही सवलत काढलेली नव्हती, तिजोरीत एक रुपयाही जास्त आला नव्हता. बदल योग्यच होता असं माझं मत आहे, पण त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात टाकून ‘सवलती घटल्या’ म्हणणारे लेख मी वाचले आहेत.

तोच प्रश्न २० सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाबद्दल विचारता येतो. त्या दिवशी देशी कंपन्यांचा मूळ दर इतर सवलती सोडून देण्याच्या अटीवर २२ टक्क्यांवर आणला गेला आणि नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के दर दिला गेला. सरकारचा स्वतःचा अंदाज वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडण्याचा होता. २२ टक्के ही सवलत म्हणायची, की हाच आता नवा पाया धरायचा? पाया धरला तर पुढच्या विवरणांतून तो खर्च दिसेनासा होतो. माझ्या मते २२ टक्के जवळपास पायाच आहे, कारण तो कोणत्याही देशी कंपनीला घेता येतो. १५ टक्के मात्र सरळसरळ सवलत आहे, कारण तिला विशिष्ट काम आणि विशिष्ट तारीख जोडलेली होती.

इथपर्यंत किमतीची गोष्ट झाली. फळाची गोष्ट यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण तिथे न घडलेल्या घटनेशी तुलना करायची असते. सवलत नसती तर काय झालं असतं?

फ्रान्सने २०१३ साली रोजगार वाढावा म्हणून कंपन्यांना वेतनखर्चावर करसूट द्यायला सुरुवात केली. आधी वेतनाच्या ४ टक्के, मग ६, पुढे काही काळ ७. किमान वेतनाच्या अडीचपटीपर्यंत पगार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे ती मिळत होती. ‘प्रत्येक’ म्हणजे नव्याने घेतलेल्याही आणि वीस वर्षं तिथेच काम करणाऱ्याही. खर्च वर्षाला २० अब्ज युरोच्या आसपास पोचला. फ्रान्सचं एक चांगलं की, या सवलतीच्या मागेच एक पाठपुरावा समिती नेमलेली होती. तिने वेगवेगळ्या संशोधकांना काम दिलं आणि सगळं एकत्र करून निष्कर्ष काढला की २०१३ ते २०१५ या काळात निर्माण झालेल्या किंवा वाचलेल्या नोकऱ्या बहुधा १ लाखाच्या घरातल्या असाव्यात, आणि या अंदाजाभोवतीची अनिश्चितताही फार मोठी. एवढ्या पैशाला १ लाख नोकऱ्या, हे फारच महाग. २०१९ पासून ती सूट मोडून तिच्या जागी मालकांनी भरायच्या सामाजिक वर्गणीत कायमची कपात आली. सवलत नसतानाही टिकणार होत्या त्या नोकऱ्यांवर पैसा गेला, ही तिची मूळ खोट. लोक आधीच करत असलेल्या गोष्टीला बक्षीस दिलं की बहुतेक रक्कम अशीच वाया जाते. रक्कम फक्त वाढीवर, म्हणजे आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त जे केलं त्यावर दिली तर गळती कमी होते, पण हिशेब किचकट होतो आणि कंपन्या पायाभूत वर्षाशी खेळ करतात. दोन्हींतलं एक दुखणं पत्करावं लागतं.

ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा विकणाऱ्यांना भांडवली नफ्यावर १० टक्क्यांचा कमी दर देणारी सवलत २००८ साली आली. आयुष्यभरात १० लाख पौंडांच्या नफ्यापर्यंत ती मर्यादित होती. तीनच वर्षांत मर्यादा १ कोटी पौंडांवर गेली. धंदा सुरू करायला प्रोत्साहन, असा हेतू सांगितला जात होता. २०२० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी सांगितलेली वस्तुस्थिती अशी होती: खर्च वर्षाला २ अब्ज पौंडांहून जास्त, लाभ घेणाऱ्या दहांतल्या एकालाही ती धंदा सुरू करायचं कारण वाटली नव्हती, आणि खर्चाचा जवळपास तीन चतुर्थांश हिस्सा अवघ्या ५ हजार लोकांकडे जात होता. मर्यादा परत १० लाखांवर आणली गेली. गंमत अशी की यातलं मुख्य उत्तर लाभार्थ्यांना नुसतं विचारून मिळालं होतं. पाहणी हे तसं कच्चं साधन, कारण सवलत घेणारा ‘मला गरज नव्हती’ असं सहसा म्हणत नाही. आणि तरीही दहांतले नऊजण तसं सुचवत असतील, तर पुढच्या सांख्यिकी कसरतींची फारशी गरज उरत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही त्याच देशातलं आहे आणि मला ते सगळ्यांत शिकवणारं वाटतं. संशोधन आणि विकासावर लहान कंपन्यांना मोठ्या कंपन्यांपेक्षा बरीच जास्त करसूट होती. २००८ मध्ये लहान कंपनीची व्याख्या सैल झाली. मालमत्तेची मर्यादा ४ कोटी ३० लाख युरोंवरून दुप्पट, ८ कोटी ६० लाख युरो झाली. मग नव्या रेषेच्या जरा अलीकडच्या आणि जरा पलीकडच्या कंपन्यांची तुलना करता आली. दोन्हीकडच्या कंपन्या बाकी सर्व बाबतींत जवळजवळ सारख्याच, फरक फक्त सवलतीचा. अर्थतज्ज्ञांना असं आढळलं की रेषेच्या आतल्या कंपन्यांनी संशोधनावर लक्षणीय जास्त खर्च केला आणि पेटंटही जास्त घेतली. म्हणजे सवलत काम करत होती. त्याच योजनांबद्दल ब्रिटनच्या कर विभागाने २०२३ मध्ये यादृच्छिक, म्हणजे कोणतेही दावे उचलून केलेल्या, तपासणीवरून सांगितलं की २०२०-२१ मध्ये दाव्यांच्या १६.७ टक्के रक्कम, म्हणजे १ अब्ज पौंडांहून जास्त, चुकीच्या किंवा बनावट दाव्यांपोटी गेली. आधीचा अंदाज ३.६ टक्के होता. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सवलतीची रचना खऱ्या संशोधकाला हलवते, आणि तिचा सैल कारभार सल्लागारांच्या टोळ्यांना पोसतो. पहिला अहवाल वाचणारा सवलत वाढवायला सांगेल, दुसरा वाचणारा बंद करायला. खरं काम दावे तपासायच्या यंत्रणेत करायचं होतं, आणि तिथे माणसं कमी होती.

लाभ ज्याच्या नावाने दिला त्याच्याच हातात पडतो का, हाही तपासायचा मुद्दा. फ्रान्सने जुलै २००९ मध्ये रेस्टॉरंटांवरचा व्हॅट १९.६ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. सगळी कपात गिऱ्हाइकापर्यंत पोचली असती तर किमती सुमारे १२ टक्क्यांनी उतरल्या असत्या. पुढच्या अभ्यासात दिसलं की निम्म्याहून जास्त रक्कम मालकांनी ठेवली आणि सर्वांत कमी वाटा गिऱ्हाइकांना मिळाला. दर मागाहून पुन्हा ७ आणि मग १० टक्के झाला. वजावटीच्या स्वरूपातल्या सवलतीत तर हे वाटप आधीच ठरलेलं असतं. ८० सीचे दीड लाख ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ४५ हजार वाचवून देतात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ३० हजार, आणि ज्याला करच लागत नाही त्याला शून्य. बचतीचं प्रोत्साहन ज्याला सर्वांत जास्त हवं त्याला सर्वांत कमी. हेच अनुदान म्हणून सभागृहात मांडलं असतं, म्हणजे श्रीमंताला ४५ हजार आणि गरिबाला काही नाही, तर एकाही सदस्याने हात वर केला नसता.

भागाधारित सवलतींत आणखी एक सापळा असतो. २००३ च्या पॅकेजनुसार हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये येणाऱ्या नव्या कारखान्यांना केंद्रीय उत्पादन शुल्कातून दहा वर्षं पूर्ण सूट आणि आयकरातही सूट मिळाली. हिमाचलमधल्या बद्दीला औषध कंपन्यांची रांग लागली. राज्यापुरतं पाहिलं तर यश डोळ्यांत भरण्यासारखं. पण शेजारच्या पंजाब आणि हरियाणातून तेव्हापासून तक्रार होती की आमच्याकडचे उद्योग तिकडे सरकले. देशाच्या तिजोरीच्या दृष्टीने, इकडचा कारखाना तिकडे गेला असेल तर नवं उत्पादन शून्य आणि बुडालेला महसूल पूर्ण. असं मूल्यमापन करताना सीमेच्या दोन्ही बाजूंना पाहावं लागतं. फक्त लाभार्थी जिल्ह्यातली कारखान्यांची धुराडी मोजली तर अहवाल नेहमी हिरवागार येतो.

याच सवलतीचं पुढे जे झालं ते मला फार आवडतं. २०१७ मध्ये जीएसटी आला. त्या साखळीत कारखान्याला शुल्कमुक्त ठेवणं अवघड होतं. म्हणून कारखान्यांनी आधी कर भरायचा आणि केंद्राने आपल्या वाट्यापुरता, म्हणजे रोखीने भरलेल्या केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्के आणि एकात्मिक (राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या) जीएसटीच्या २९ टक्के, परत द्यायचा असं ठरलं. म्हणजे पूर्वी करकायद्यात लपलेली सूट आता अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या बाजूला, रकमेसह, मुदतीसह येऊन बसली. कोणी मूल्यमापनाच्या हेतूने हे केलेलं नव्हतं, पण ज्यांना सवलतींची पारदर्शकता हवी आहे त्यांनी हा मार्ग नीट पाहावा.

भारतातल्या तपासण्यांपैकी विशेष आर्थिक क्षेत्रांवरचा कॅगचा २०१४ चा अहवाल अजूनही वाचण्यासारखा आहे. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात या क्षेत्रांनी घेतलेल्या करसवलती सुमारे ८३ हजार कोटींच्या होत्या. मंजुरी घेताना सांगितलेला रोजगार आणि प्रत्यक्षातला रोजगार यांत प्रचंड तफावत होती आणि अधिसूचित जमिनीचा मोठा भाग वापरातच आलेला नव्हता. हे शोधता आलं, कारण अर्जात रोजगाराचा आणि गुंतवणुकीचा आकडा लिहून द्यावा लागत होता. ज्या सवलतीसाठी अर्जच करावा लागत नाही तिथे कॅगनेही तुलना कशाशी करायची?

कोणी तपासायचं, यावर माझं मत थोडं कडक आहे. कर विभाग कर गोळा करण्यात तरबेज असतो, त्याला घरबांधणीचं किंवा संशोधनाचं धोरण कळावं अशी अपेक्षा नाही. संबंधित मंत्रालयाला धोरण कळतं, पण सोडलेला महसूल त्याच्या खात्यातून जात नाही, त्यामुळे सवलत त्याला फुकटच वाटते. दोघांच्या मध्ये सवलत पोरकी राहते. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने, २०२० मध्ये १,१९० सवलती मोजल्या. त्यांतल्या ३६२ अशा, ज्या धोरणाचा काही हेतू साधायला दिलेल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच सवलतींचा खर्चही तोवर प्रसिद्ध होत नव्हता. प्रत्येक सवलतीला एक नाव असलेलं मंत्रालय जोडावं आणि तिची किंमत त्या मंत्रालयाच्या मागणीच्या खाली दाखवावी. मग तेच मंत्रालय नवं अनुदान मागायला आलं की अर्थखात्याला विचारता येतं, आधीच्याचं काय झालं?

फ्रान्सने २०११ मध्ये एका समितीकडून शेकडो सवलतींना ० ते ३ गुण देऊन घेतले. पद्धत जरा ढोबळ होती, पण एवढ्या मोठ्या यादीत कुठून सुरुवात करायची हे तिने सांगितलं. आयर्लंडच्या अर्थखात्याने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. सवलत देण्याआधी हेतू काय, बाजार स्वतःहून ते का करत नाही, अनुदान किंवा नियमापेक्षा करसवलतच बरी का, परिणाम किती आणि किंमत किती, असे प्रश्न त्यांत आहेत. मला सर्वांत जास्त भावतो तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा प्रकार. तिथे २००६ पासून विधिमंडळाची लेखापरीक्षण समिती ठरलेल्या वेळापत्रकाने सवलती तपासते. २०१३ च्या कायद्याने तर नव्या सवलतीच्या विधेयकातच तिचा हेतू आणि तो मोजायची फूटपट्टी लिहिणं आवश्यक केलं, आणि वेगळी तारीख दिली नाही तर सवलत दहा वर्षांनी आपोआप संपते. पुढे तपासणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

मुदतीच्या तारखेबद्दल मात्र भोळं राहू नये. तारीख जवळ आली की शिष्टमंडळं येतात आणि मुदतवाढ मिळते. अमेरिकेत दरवेळी वाढवत नेलेल्या सवलतींचं एक वेगळं गाठोडंच तयार झालं होतं. वर सांगितलेली भारतातली १५ टक्क्यांची सवलतही ३१ मार्च २०२३ वरून एकदा ३१ मार्च २०२४ वर गेली. त्यानंतर मात्र वाढवली नाही, आणि हे विरळाच. ‘मुदतवाढ हवी असेल तर आधी मूल्यमापन अहवाल सभागृहापुढे’ अशी अट मूळ कायद्यात असली तर तारखेला काही वजन येतं.

एकदा कबूल केलेली सूट मध्येच काढायला गेलं की कोर्टाचा प्रश्न येतो. उत्तर प्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफ करण्याचं आश्वासन दिलं आणि मग शब्द फिरवला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या डिसेंबर १९७८ च्या निकालात सरकारला त्या शब्दाने बांधलं, कारण कंपनीने त्यावर विसंबून कारखाना उभारला होता. सार्वजनिक हितासाठी सवलत मागे घेता येते असं नंतरच्या निकालांतही दिसतं, पण ते हित सरकारला सिद्ध करावं लागतं. सवलतीच्या मूळ अधिसूचनेत अमुक तारखेला फेरविचार होईल आणि त्यानुसार दर बदलू शकेल असं लिहिलेलं असेल, तर गुंतवणूकदारही ते धरून हिशेब करतो.

आणि हो, सगळ्या सवलती वाईट असा अर्थ यातून काढू नका. अनुदान वाटायचं तर अर्ज, समिती, शिफारस, फेऱ्या. सवलत नियमाने मिळते, बाबूच्या मर्जीवर नाही. लाभार्थी लाखो असतील, अट साधी असेल आणि तिची पूर्तता विवरणपत्रातच दिसत असेल, तर कराची वाट स्वस्त पडते. लाभार्थी मोजके, अट गुंतागुंतीची आणि रक्कम मोठी असेल, तर अनुदानच बरं. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करमाफीबद्दल तर आता आणखी एक कारण आहे. १५ टक्के किमान कराचा आंतरराष्ट्रीय नियम ज्या देशांनी लागू केला आहे ते, तुम्ही सोडलेला कर त्या कंपनीकडून स्वतःच वसूल करू शकतात. मग तुमची सूट कंपनीला न जाता दुसऱ्या देशाच्या तिजोरीत जाते.

तुम्हाला स्वतः हे आकडे पाहायचे असतील तर केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत येणाऱ्या प्राप्ती अंदाजपत्रकाच्या परिशिष्टात विवरण असतं. शेवटची एकूण बेरीज सोडून द्या. आधी वाचा त्यातलं पद्धतीचं टिपण, म्हणजे यंदा काय मोजलंय आणि काय वगळलंय ते कळेल. मग कंपन्यांच्या नफ्यानुसार प्रत्यक्ष भरलेल्या कराच्या दराचा तक्ता असेल तर तो पाहा. अनेक वर्षं त्यात मोठ्या नफ्याच्या कंपन्यांचा प्रत्यक्ष दर छोट्या कंपन्यांपेक्षा कमी दिसत आला आहे. त्यानंतर एखादं एकच कलम निवडा आणि मागच्या पाच-सहा वर्षांच्या विवरणांत त्याचाच आकडा लावून पाहा. तो वाढत असेल तर त्या कलमाचा मूळ हेतू कायदा आणताना संसदेत काय सांगितला होता ते शोधा. हेतू सापडला तर त्यावर माहिती अधिकारात किंवा तुमच्या खासदारामार्फत विचारता येईल असा नेमका प्रश्न तुमच्या हातात असेल. हेतू सापडलाच नाही, तर तो कधी लिहिला गेला होता का, हे विचारा.